दुसऱ्यांनी आखलेला दिवस
पिंपरी-चिंचवड ते चाकण : कामकरी स्त्रीच्या वेळेच्या प्रश्नाचा आढावा

नोकरी करणाऱ्या स्त्रीने आपला वेळ नीट कसा वापरावा, या विषयावर मासिकांच्या महिला-विशेषांकांतून, आकाशवाणीच्या कार्यक्रमांतून आणि अलीकडे कारखान्यांच्या मनुष्यबळ खात्यांनी आठ मार्चला भरवलेल्या व्याख्यानांतून आजवर इतका उपदेश झाला आहे, की त्यात आणखी भर घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. पहाटे उठावे, कामांची यादी करावी, आदल्या रात्री तयारी करून ठेवावी, नाही म्हणायला शिकावे आणि दिवसातला अर्धा तास स्वतःसाठी राखावा, हा त्या उपदेशाचा मथितार्थ. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जिला तो केला जातो तिचा दिवस तिच्या ताब्यात आहे हे गृहीत धरल्यावाचून त्याला अर्थ येत नाही, आणि पिंपरी-चिंचवडपासून भोसरी-मोशीमार्गे चाकण-महाळुंग्यापर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हे गृहीत मुळातच टिकत नाही. तिची पाळी कारखाना ठरवतो, बसची वेळ मक्तेदार ठरवतो, नळाला पाणी कधी यावे हे महापालिका ठरवते, मुलाची शाळा शिक्षणसंस्था ठरवते आणि आठवड्याची सुट्टी पुष्कळ ठिकाणी विजेच्या वेळापत्रकाने ठरून गेलेली असते. या पाच वेळापत्रकांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नाही. ती जुळवण्याचे काम, कोणीही न सोपवता, तिच्या एकटीच्या माथी आलेले आहे.

हा पट्टा वसला कसा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील शेतजमिनींचे भूखंड पडले आणि बजाज, टेल्को यांसारखे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपे उभी राहिली. 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महानगरपालिका झाली. पुढे 1999 पासून बजाजच्या कारखान्याने चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारगावाला मोटारउद्योगाच्या नकाशावर आणले आणि 2009-10 च्या सुमारास फोक्सवागेन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांनी त्या परिसराचे रूप पालटून टाकले. ही सारी घडी पुरुष कामगार डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली होती. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी अट पाहून सुधा कुलकर्णी — पुढे सुधा मूर्ती — यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्या तेथे रुजू झाल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या पुण्यातील कारखान्यात अलीकडच्या वर्षांत मोटारजोडणीची एक अख्खी लाइन दीड हजारांच्या आसपास स्त्रियांनी चालवलेली आहे, आणि चाकणला बजाजच्या मोटारसायकलींची एक लाइनही स्त्रियांच्या हाती देण्यात आली. या गोष्टी अभिमानाच्या आहेत. तरी बहुसंख्य स्त्रिया या गाजलेल्या लाइनींवर काम करीत नाहीत. त्या वायरिंग हार्नेस गुंफतात, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जोडतात, तपासणी आणि पॅकिंग करतात, कॅन्टीन व साफसफाई सांभाळतात, आणि पुष्कळदा हेल्पर किंवा ट्रेनी म्हणून, मक्तेदाराच्या हजेरीपटावर.

वेळेच्या प्रश्नाला कायद्याचा हात लागला तो फार पूर्वी, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. मूळचे पुणे जिल्ह्यातील नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून जी चळवळ चालवली, तिच्यातील एप्रिल 1890 च्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली होती. त्याच वर्षी 10 जूनला रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. 1891 च्या कायद्याने स्त्रियांचे कामाचे तास अकरावर आणले. मुंबई विधिमंडळात 1928 साली प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तास, दिवसाला 9 तास आणि विश्रांतीसह एकूण साडेदहा तास ही मर्यादा घातली, आणि स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वी कामावर ठेवण्यास मनाई केली. ही मनाई महाराष्ट्राने 2015 मध्ये, सुरक्षिततेच्या व वाहतुकीच्या अटी घालून, शिथिल केली. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीची मुभा देशभर दिली. त्याच्या दोन-तीन महिने आधी राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली होती.

रात्रपाळीची मुभा मिळाली हे मला योग्यच वाटते, कारण जुन्या मनाईच्या आडोशाने कारखानदारांनी कित्येक जागा स्त्रियांना नाकारल्या. परंतु संमती या शब्दावर फार भार टाकण्यात आलेला आहे. सात महिन्यांच्या करारावर असलेल्या आणि मुदत संपल्यावर ब्रेक मिळून पुन्हा घेतले जाईल की नाही याची शाश्वती नसलेल्या मुलीने सुपरवायझरला रात्रपाळी जमणार नाही असे सांगावे, ही अपेक्षा कागदावर जितकी सोपी दिसते तितकी ती गेटच्या आत नसते. बारा तासांच्या दिवसाविषयीही हेच म्हणावे लागेल. आठवड्याचे तास तेवढेच ठेवून सुट्ट्या वाढवता येतील, हा युक्तिवाद ज्याच्या घरी गेल्याबरोबर आयते ताट वाढले जाते त्याला पटण्यासारखा आहे. जिला कारखान्यातून सुटल्यावर ते ताट वाढायचे असते, तिचे संध्याकाळचे तीन तास गेले तर ते सुट्टीच्या दिवशी परत मिळत नाहीत, कारण भूक, मुलाचा अभ्यास आणि सासऱ्यांची औषधे रोजच्या रोज येतात.

आता आठवड्याच्या सुट्टीकडे वळू. लोखंड्यांनी झगडून मिळवलेला रविवार या पट्ट्यातील पुष्कळशा लहान व मध्यम कारखान्यांत नाही. विजेचा भार वाटून देण्यासाठी औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या निरनिराळ्या वारी ठेवण्याची जी वहिवाट पडली, तिच्यामुळे भोसरी-पिंपरीच्या भागात सुट्टीचा वार गुरुवार झाला. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या यांची सुट्टी मात्र रविवारीच. याचे काही फायदेही आहेत: गुरुवारी बँकेचे, आधारचे, रेशनचे काम रजा न मांडता करता येते, आणि अनेक स्त्रिया हा फायदा आवर्जून सांगतात. पण मूल शाळेत असते तेव्हा आई घरी आणि मूल घरी असते तेव्हा आई लाइनवर, हा प्रकार वर्षाचे बावन्न आठवडे चालतो; नवरा रविवारची सुट्टी असलेल्या मोठ्या कंपनीत असेल तर तिघांनी मिळून एक अख्खा दिवस घरी घालवण्याचा योग गणपती-दिवाळीखेरीज येत नाही. विजेची टंचाई होती तेव्हा या व्यवस्थेला सबळ कारण होते. आज तिचा फेरविचार का होऊ नये, असे महावितरणला, महामंडळाला आणि लघुउद्योजकांच्या संघटनांना विचारण्याची वेळ आलेली आहे.

आणि मग पाणी. वेळेच्या नियोजनावरील कोणत्याही पुस्तकात पाण्यावर प्रकरण नसते, पण या शहरातील स्त्रीच्या वेळापत्रकाचा तो पाया आहे. पवना नदीवर रावेत येथे उपसा करून शहराला पाणी दिले जाते. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेने दिवसाआड पुरवठ्याची पद्धत सुरू केली. मोठ्या सोसायट्यांत जमिनीखालच्या टाक्या असल्यामुळे तेथे या निर्णयाचा अर्थ टँकरचे बिल एवढाच होतो. परंतु कामगारवस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम आणि ओट्याखाली कळशा-बादल्या एवढीच साठवण असते, तिथे पाण्याच्या दिवशी कोणीतरी घरी असणे हा जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. पाणी यायच्या सुमारास नळाला रबरी पाइप लावून ठेवायचा, पहिले गढूळ पाणी धुण्याला सोडायचे, मग पिण्याचे कापडाने गाळून भरायचे, मग ड्रम, आणि धार बारीक झाली की शेजारणीच्या मोटारीकडे पाहत उरलेल्या बादल्या. हे सारे तासाभरात उरकायचे, आणि त्याच तासात पहिल्या पाळीची बस नाक्यावर यायची. बस चुकली तर अर्धा दिवस जातो, पाणी चुकले तर दोन दिवस जातात. या दोहोंत निवड करावी लागणाऱ्या स्त्रीला प्राधान्यक्रम ठरवायला शिकवण्याची आवश्यकता नाही. तिला पुरवठ्याची वेळ आदल्या दिवशी निश्चित कळण्याची आणि ती पाळली जाण्याची आवश्यकता आहे. चाकणच्या आसपासच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत, जिथे खोल्यांची संख्या गावाच्या नळयोजनेला मागे टाकून केव्हाच पुढे गेली, तिथे जार आणि टँकर यांवर जो पैसा जातो तो या कामगार कुटुंबांच्या मेहनतान्यातूनच.

प्रवासाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण पुणे-नाशिक महामार्गावरील मोशीपासून चाकण चौकापर्यंतची कोंडी ज्याने एकदा अनुभवली आहे त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याने अनुभवली नाही त्याला सांगून पटत नाही. 1978 पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल आणि मार्च 2022 मध्ये पिंपरीहून सुरू झालेली मेट्रो या दोहोंनी पुण्याच्या दिशेने जाणाऱ्या नोकरदार स्त्रियांचा वेळ खरोखर वाचवला. परंतु चाकणला लोकलही नाही आणि मेट्रोही नाही, आणि पीएमपीची बस जेथवर जाते तेथून कारखान्याच्या गेटापर्यंतचा उरलेला टप्पा सहाआसनी रिक्षाने किंवा पायी काढावा लागतो. ज्या स्त्रीला कंपनीची बस आहे ती भाग्यवान. मक्तेदाराच्या कामगारांना त्या बसमध्ये बसू द्यायचे की नाही, यावर काही ठिकाणी अजून वाद होतो, हे ऐकून मन विषण्ण होते.

घराच्या आतला हिशोब आता आकड्यांत उपलब्ध आहे, ही अलीकडच्या काळातील मोठी प्राप्ती मानली पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला त्यासाठी सरासरी 289 मिनिटे देतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष 88 मिनिटे, असे 2024 च्या पाहणीत आढळले. 2019 मध्ये हे आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ! शिवाय घरकामात मुळात भागच घेणाऱ्यांचे प्रमाण 2019 मध्ये स्त्रियांत 81 टक्के आणि पुरुषांत 26 टक्के होते, म्हणजे पुरुषांची ती सरासरीदेखील चौघांपैकी एकाचीच. हे आकडे नोकरी करणाऱ्या व न करणाऱ्या अशा सर्व स्त्रियांचे मिळून आहेत, तेव्हा ते जसेच्या तसे कारखान्यातल्या स्त्रीला लावता येणार नाहीत. तिचे घरकाम थोडे कमी भरेल असे धरले तरी, साडेआठ तासांची पाळी, दोन्ही वेळचा मिळून दोन तासांचा प्रवास आणि चार तासांचे घरकाम यांची बेरीज साडेचौदा तास होते. उरलेल्या साडेनऊ तासांत झोप, स्नान, जेवण, मुले, आजारपण, पाहुणे आणि पाणी. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी 1989 मध्ये या घरच्या कामाला दुसरी पाळी असे नाव दिले, तेव्हा ते तिकडे नवे वाटले. आमच्याकडे कामावरून सुटलेली बाई मैत्रिणीला, चल बाई, घरची ड्युटी आहे, असे सहज म्हणते.

विशेष हे की, याच पट्ट्यात वेळेचे शास्त्र पराकोटीला पोचलेले आहे. एका भागाच्या जोडणीला किती सेकंद लागावेत, उजव्या हाताने स्क्रू घेताना डाव्या हाताने काय धरावे, पेटी कमरेच्या उंचीला ठेवली तर वाकण्याचे किती श्रम वाचतात, हे येथे स्टॉपवॉच लावून ठरवले जाते, आणि कायझेनची सूचना देणाऱ्या कामगाराचा फोटो फलकावर लागतो. या शास्त्राच्या आरंभीच्या आचार्यांत लिलियन गिलब्रेथ ही स्त्री होती. बारा मुलांच्या या आईने हालचालींचा अभ्यास कारखान्यातून स्वयंपाकघरात आणला आणि ओटा, शेगडी, मोरी यांची मांडणी कशी असावी याचा विचार 1920 च्या दशकात केला. आपल्या स्त्रियांनीही हे शास्त्र न शिकता आत्मसात केलेले आहे. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे वाटण आणि दाण्याचे कूट करून ठेवणे, लसूण सोलून डब्यात भरणे, रात्री भाजी निवडून-चिरून आणि कणीक मळून झाकणे, कुकरच्या एका शिटीत वरण-भाताबरोबर बटाटेही उकडणे, मुलाच्या गणवेशाच्या घड्या वारांप्रमाणे लावणे: यातली एकेक युक्ती एखाद्या कारखान्यातल्या सुधारणेच्या तोडीची आहे. ज्या नवोदित नोकरदार मुलींना सल्ला हवाच असेल त्यांनी तो व्याख्यात्यांपेक्षा पंधरा-वीस वर्षे पाळ्या केलेल्या बायकांना विचारावा. त्या पहिल्यांदा सांगतील की पोळ्या विकत आणण्यात कमीपणा मानू नकोस. पोळी-भाजी केंद्रांनी या शहरातील स्त्रियांचा जितका वेळ मोकळा केला तितका कोणत्याही योजनेने केला नसेल, आणि ती केंद्रे चालवणाऱ्याही बहुधा स्त्रियाच आहेत. मुंबईच्या खाणावळवाल्या बायकांना 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा हे काम म्हणजे उद्योग आहे याला मान्यता मिळाली. येथे तशी संघटना अजून व्हायची आहे.

परंतु वाचवलेला वेळ जातो कोठे, हा खरा प्रश्न आहे. पहाटे चारला उठण्याच्या सल्ल्याला मी जो विरोध करतो तो यासाठीच की, त्यात वेळ निर्माण होत नाही, झोप खर्ची पडते. दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री घरी पोचलेल्या स्त्रीने मुलाच्या सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठावे आणि दुपारी पुन्हा लाइनवर उभे राहावे, हा क्रम आठवडाभर चालल्यावर तिच्या डोळ्यांवर येणारी झापड हा आळस नव्हे. या पट्ट्यात प्रेस मशिनवर बोटे गमावलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. झोपेला काटकसरीची बाब समजणारी शिस्त यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाला शिकवणे हा गुन्हा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

सर्वांत मोठी उणीव पाळणाघरांची. तीसपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, ही तरतूद 1976 पासून कारखाना कायद्यात होती. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर व दिवसातून चारदा मुलाला भेटण्याची मुभा आली. मक्तेदाराचा कामगार हाही कायद्याच्या दृष्टीने कारखान्याचाच कामगार आहे. असे असता प्रत्यक्षात स्त्रियांची गणना मक्तेदारांच्या वेगवेगळ्या पटांत वाटली जाते आणि कोठेच ती पुरती भरत नाही. नोकरीच सात महिन्यांची असेल तर 26 आठवड्यांची रजा मागायची कोणाकडे, याचाही उलगडा होत नाही. मग गावाहून सासू किंवा आई आणावी लागते. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या कितीतरी कुटुंबांत नातवंड सांभाळण्यासाठी आलेली म्हातारी आपले शेत, आपली माणसे सोडून खोलीत दिवस काढीत असते. तिचा वेळ कोणत्याच हिशोबात येत नाही. जिच्याकडे तीही नाही ती मुलाला गावी ठेवते आणि दर महिन्याला त्याच्यासाठी पैसे पाठवते. नियोजनाच्या भाषेत हिला यशस्वी म्हणावे काय?

प्रत्येक कारखान्याने स्वतंत्र पाळणाघर काढावे हा आग्रह लहान कारखानदाराला झेपणारा नाही, हे मान्य केले पाहिजे. पंचवीस-तीस माणसांच्या वर्कशॉपाला ते शक्य नाही. पण औद्योगिक महामंडळाने जसे रस्ते, पाणी आणि अग्निशमन केंद्र वसाहतीसाठी सामाईक दिले, तसे भोसरीच्या आणि चाकणच्या प्रत्येक विभागात पहिल्या पाळीच्या आधी उघडणारे व दुसऱ्या पाळीनंतर बंद होणारे सामाईक पाळणाघर देण्यास काही अडचण दिसत नाही. भूखंड त्याच्याकडे आहेत आणि सेवाशुल्क वसूल करण्याची यंत्रणाही आहे. महापालिकेने पाणी सोडण्याच्या वेळा प्रभागवार जाहीर कराव्यात, त्या ठरवताना पाळ्यांच्या वेळा समोर ठेवाव्यात, आणि बदल झाल्यास आदल्या संध्याकाळी मोबाइलवर कळवावे. कारखान्यांनी पाळीचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावावा. आयत्या वेळी थांबवून घेतलेल्या ओव्हरटाइमचा दुप्पट दर पाळणाघराच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला समजत नाही. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

उरला घरातला पुरुष. त्याने मदत करावी असे म्हणण्याची पद्धत आहे. मदत करणाऱ्याला सांगावे लागते, आठवण द्यावी लागते, आणि सांगण्याचा व आठवण देण्याचा वेळ पुन्हा तिचाच जातो. म्हणून मदत नको, एक संपूर्ण काम त्याने आपल्या नावावर घ्यावे. पाणी भरणे हे असे काम आहे: त्याला स्वयंपाकाचे कौशल्य लागत नाही, अंगात बळ लागते, आणि ते त्याच्याजवळ आहे. ज्या वाचकाच्या घरातली स्त्री उद्या पहिल्या पाळीला जाणार असेल, त्याने उद्या पाण्याचा दिवस आहे की नाही हे तिला न विचारता माहीत करून घ्यावे, गजर स्वतःच्या उशाशी लावावा आणि ड्रम स्वतः भरावा. आणि हे एक महिना चुकवू नये.